झोप लागते का गं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, ही काळजी रास्तच होती. पण शरीराचं घड्याळ सर्वांत उशिरा चालतं ते विशीच्या आसपास. त्या वयात मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही, तो आळस नव्हे आणि सगळा दोष मोबाइलचाही नव्हे. आणि त्याच वयाच्या कितीतरी मुलींचं पहिलं लेक्चर आपल्याकडे सकाळी सातला असतं. टिटवाळ्याहून किंवा बदलापूरहून ठाण्याला येणारीने उठायचं कधी?

घरात मुलगा जागत असेल तर तो अभ्यास करतो म्हणून दार लोटून घेतात. मुलगी जागत असते ती ओटा आवरून, धाकट्याची वही बघून, मग स्वतःचं जर्नल उघडून. पहाटे पाणी आलं की आधी तिलाच हाक जाते. उरलेली झोप ती लेडीज डब्यात, जागा मिळालीच तर, बॅग छातीशी धरून काढते. परीक्षेच्या दिवसांत तीही जाते.

सतत झोप न लागणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, असं दीर्घकाळच्या अभ्यासांतून दिसलं आहे. मन बिघडलं म्हणून झोप उडते, हे आपल्याला पटतं. उलटी वाट मात्र लक्षात येत नाही. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना ऑनलाइन पद्धतीने फक्त निद्रानाशावरची मानसोपचार पद्धत शिकवली. त्यांची झोप सुधारलीच, शिवाय संशयी विचार, चिंता आणि नैराश्यही उतरलं.

झोपेच्या वाटेने मनापर्यंत पोचता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्या घरांत मनाबद्दल विचारणं अजून जड जातं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि ‘याला ठाण्याला न्या’ ही टिंगल पिढ्यान्पिढ्या चालत आली. त्याच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करून मनाच्या आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलायला शिकवलं, तरी स्वयंपाकघरापर्यंत ते बोलणं पुरतं पोचलेलं नाही. ‘तुला नैराश्य आलंय का’ असं कुठली आई विचारणार? ‘झोप लागते का गं?’ हे मात्र कोणीही विचारू शकतं. आई, मावशी, वर्गशिक्षिका, डब्यातली रोजची मैत्रीण. महिनाभर नीट झोप नाही, पहाटे तीनला जाग येऊन रडू येतं, जेवण जात नाही, असं उत्तर आलं तर ‘रात्री फोन ठेव’ एवढ्यावर भागवू नये. डॉक्टरांकडे न्यावं.

‘टेली-मानस’चा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं. कॉलेजांनी तो ओळखपत्राच्या मागे छापावा. आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लावताना सातचं लेक्चर साडेआठला नेता येईल का, हे एकदा मुलींना समोर बसवून ठरवावं.