मीटिंग बनवणारी स्क्रिप्ट आणि बोअरचं पाणी

पोटापाण्यासाठी मी सध्या जे करतो ते थोडक्यात असं: पुण्यात बसून अमेरिकेतल्या बिल्डरांच्या मीटिंगा कोडने तयार करतो. हे दर्यापूरला घरी समजावून सांगताना फार पंचाईत होते. "म्हंजे तू लोकायले बोलावनं पाठवतं का?" हो बाप्पा, तसंच काहीसं.

बांधकामाच्या व्यवस्थापनाची जी सॉफ्टवेअरं आहेत त्यातलं प्रोकोर हे मोठं नाव, २००२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेलं. त्याच्या एपीआयला प्रोजेक्टचा नंबर द्यायचा, मीटिंगचं शीर्षक, तारीख, वेळ, ठिकाण आणि उपस्थितांचे आयडी एका जेसनमध्ये कोंबायचे आणि पोस्ट करायचं. झाली मीटिंग! हाताने करायला पाच मिनिटं लागायची ती अर्ध्या सेकंदात. मग पुढची मागणी ठरलेलीच असते: "दर सोमवारची वर्षभराची टाकून दे ना." एक लूप, बावन्न मीटिंगा, सगळ्यांची कॅलेंडरं भरून वाहतायत.

माझं मत स्पष्ट आहे, हा लूप लिहू नये. लिहायला अवघड आहे म्हणून नाही, उलट फारच सोपा आहे म्हणून. बांधकामावर मीटिंग कशासाठी असते? काय ठरलं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हे कागदावर यावं म्हणून. प्रोकोरमध्ये मीटिंगच्या दोन अवस्था असतात, आधी अजेंडा आणि नंतर मिनिट्स. लूपमधून जन्मलेल्या मीटिंगा पहिल्या अवस्थेतच म्हाताऱ्या होतात. सहा महिन्यांनी उघडून पाहा, शीर्षक आहे, वेळ आहे, वीस उपस्थित आहेत आणि ठरलं काय त्याची जागा कोरी.

आता याने बिघडतं काय, ते आमच्या गावच्या उदाहरणाने सांगतो. दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतो. काळी माती, खाली खारं पाणी. तिथल्या कुठल्याही जुन्या मिस्त्र्याला विचारा, स्लॅबला बोअरचं पाणी लावू नका असंच तो सांगेल. शास्त्रही त्याच्याच बाजूने आहे. भारतीय मानक आयएस ४५६ (२००० ची आवृत्ती) म्हणतं की साध्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, पण आत सळई असेल तर ५०० च्या वर नको. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की तिच्यावरचा संरक्षक थर जातो, गंज धरतो, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि काँक्रीट आतून फुटतं. आणि हे त्या आठवड्यात दिसत नाही. काही वर्षांनी खपल्या पडतात, तोवर ठेकेदार दुसऱ्या गावात आणि इंजिनियरची बदली झालेली.

म्हणजे टँकर मागवायचा की बोअर चालू करायचं हा दोन वाक्यांचा निर्णय आहे. तो साइटवर उभ्या उभ्या, चहा पिता पिता होतो आणि पुढे सगळी इमारत त्याच्यावर उभी असते. सरकारी कामांवर यासाठी साइट ऑर्डर बुक नावाची वही असते. इंजिनियर सूचना लिहितो, ठेकेदाराचा माणूस खाली सही करतो. कळकट, सिमेंटने माखलेली वही, पण मला विचाराल तर बावन्न कोऱ्या मीटिंगांपेक्षा तीच जास्त कामाची!

दुसरी भानगड उपस्थितांच्या यादीची. एपीआयला उपस्थितांचे आयडी लागतात आणि ते येतात प्रोजेक्टच्या डिरेक्टरीतून. डिरेक्टरीत कोण असतं? ज्याच्याकडे ऑफिसचा ईमेल आहे तो. मिस्त्र्याकडे व्हॉट्सअ‍ॅप असतं, ईमेल नसतो. त्यामुळे "पाणी खारं आहे" हे ज्याने सांगितलं त्याचं नाव कागदावर नाही आणि ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्यांची नावं मात्र 'उपस्थित' म्हणून टिकमार्कसकट. उद्या तडा गेला की बोट कोणाकडे जाणार? "मिस्त्र्यानं काम खराब केलं." ही गोष्ट फक्त दर्यापूरची नाही, टेक्सासातल्या मेक्सिकन फोरमनचीही असणार असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, तू प्रोग्रॅमर, तुला काय करायचंय? क्लायंट म्हणतो तसं लिहावं आणि पगार घ्यावा. बरोबर आहे, पण डिफॉल्ट काय ठेवायचं हे शेवटी आपणच ठरवतो ना राव. म्हणून माझी स्क्रिप्ट पुढची मीटिंग आधी करत नाही. आधीच्या मीटिंगचे मिनिट्स भरलेत का ते बघते आणि नसतील तर नुसतं एक स्मरणपत्र पाठवते. भरले असतील तर उघडे राहिलेले मुद्दे उचलून त्यांचीच नवी मीटिंग करते. उघडं काही नसेल तर मीटिंगच नाही, सोमवारी सकाळी कामं करा. आणि ज्याचं नाव डिरेक्टरीत नाही त्याच्यासाठी मुद्द्याच्या मजकुरातच 'कोणी सांगितलं' अशी एक ओळ सक्तीची.

(जाता जाता, हे लिहिणाऱ्यांसाठी. पोस्ट दोनदा गेलं तर मीटिंगही दोनदा होते. नेट मध्येच गेलं म्हणून डोळे मिटून पुन्हा पाठवू नका, आधी गेली का ते तपासा. आणि वेळ यूटीसीमध्ये. सकाळचे दहा म्हणून १०:०० टाकलेत तर आपल्याकडची माणसं दुपारी साडेतीनला उगवतील.)

मुद्द्यांचे नंबरही मी बदलू देत नाही. पहिल्या मीटिंगचा तिसरा मुद्दा तो १.३. समजा तो 'क्युरिंगच्या पाण्याची चाचणी' असेल, तर आठव्या मीटिंगमध्येही तो १.३ म्हणूनच सगळ्यात वर दिसतो, शेजारी जबाबदार माणसाचं नाव. सात आठवडे कोण गप्प बसलंय ते सगळ्यांना वाचता येतं. क्लायंटच्या मॅनेजरला हे फारसं आवडलेलं नाही. :)