मांजराचा मधुमेह आणि गुरांचा दवाखाना

बीड जिल्ह्यातील गुरांच्या दवाखान्यात बैल, म्हैस आणि शेळी यांचीच वर्दळ असते, आणि ज्या मुलखात ऊसतोडीच्या हंगामात बैलजोडीवर सबंध कुटुंबाचा चरितार्थ अवलंबून असतो, तेथे तसे असणे न्याय्यही आहे. परंतु त्याच दवाखान्याच्या पायरीवर पिशवीत मांजर घेऊन उभ्या राहणाऱ्या गृहिणीची फिर्यादही तितकीच खरी आहे, हे सरकारदरबारी अद्याप कोणी मनावर घेतलेले नाही. ज्या विसाव्या पशुगणनेचे आकडे २०१९ साली प्रसिद्ध झाले, तिच्यात कुत्रा, ससा आणि हत्ती यांची नोंद आहे. मांजराला रकाना नाही. ज्याची दफ्तरात नोंद नाही, त्याच्या व्याधीची तजवीज कोण करणार?

मांजर फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवी करू लागले, पोटभर खाऊनही वाळत चालले किंवा मागच्या पायांच्या टाचा टेकून चालू लागले, तर मधुमेहाची शंका घ्यावी. स्थूल, वयस्क आणि नसबंदी झालेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. मात्र भेदरलेल्या मांजराच्या रक्तातील साखर केवळ भयानेही वाढते, म्हणून एकाच मापनावरून निदान करू नये. निदान निश्चित झाले की घरातली वडीलधारी माणसे ‘आता कुठे सोडून या’ असा सल्ला देतात, आणि येथेच माझा त्यांच्याशी निक्षून मतभेद आहे.

या व्याधीचे ज्ञान मनुष्याने जनावरांच्याच प्राणांच्या मोलाने मिळवले. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले तेव्हा त्या अवयवाचा मधुमेहाशी असलेला संबंध उघड झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन हाती आणले. आणि त्यानंतर कित्येक दशके लक्षावधी माणसे गाईच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. त्या गाईच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. एवढे ऋण शिरावर असताना मुक्या जिवाला त्याच औषधावाचून मरू देणे मला धर्माला धरून वाटत नाही.

शिवाय ही शुश्रूषा सामान्य घराच्या आवाक्यातली आहे. इन्सुलिन टोचून घेणारे आजी-आजोबा आज गावोगावी आहेत, सुई ही अपरिचित वस्तू राहिलेली नाही. मांजरालाही बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, सैल कातडीखाली औषध द्यावयाचे असते. परंतु आजोबांचे औषध किंवा त्यांची मात्रा परस्पर मांजराला देऊ नये. आपल्याकडे इन्सुलिनच्या काही कुप्यांत दर मिलिलिटरला ४० एकके असतात, तर ग्लार्जिनसारख्या औषधात १००. दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या, पहिलीची टोपी तांबडी, दुसरीची नारिंगी. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजेत भरले तर मात्रा अडीचपट होते, आणि ज्या प्राण्याला प्रारंभी एखाद-दुसरे एककच लागते, त्याच्या जिवावर ही चूक बेतू शकते. सुईनंतर मांजर लडखडू लागले, ग्लानीत गेले किंवा त्याला झटके आले, तर मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांना चोळून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. आणि त्याने अन्नच टाकले असेल तर विचारल्यावाचून नेहमीची मात्रा टोचू नये.

औषध शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावे, गोठू देऊ नये. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज तासन्‌तास जाते, तेव्हा ओल्या वाळूत पुरलेले मडके शीतकपाटाची बरोबरी करत नसले तरी उघड्या फडताळाहून पुष्कळ बरे. दूध-भाकरीवर वाढलेल्या मांजराचा आहारही पालटावा लागतो, कारण ते मूळचे मांसाहारी. मात्र हा पालट डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा, कारण त्याबरोबर मात्राही बदलते.

निदानानंतर लवकर आणि नेटाने उपचार झाले, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कार्यक्षम होते आणि इन्सुलिन बंदही करता येते. म्हणून आरंभीचे महिने मोलाचे. आष्टी-पाटोद्याच्या माणसाने ते परभणीच्या वाऱ्या करण्यात दवडावेत हे अन्यायाचे आहे. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आणि उदगीरचे १९८७ पासून मराठवाड्याच्या सेवेत आहे. या दोन संस्थांनी तालुक्याच्या डॉक्टरांसाठी लघुशिक्षण योजावे; जिल्हा प्रशासनाने प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यास ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि दोन्ही प्रकारच्या सिरिंजांचा साठा मंजूर करावा; आणि पुढील पशुगणनेच्या तक्त्यात मांजराचा रकाना घालावा, अशी शिफारस वरिष्ठांकडे रवाना करावी.