कतारगाम की कतारगाव?

गेल्या रविवारी आमच्या घरी पत्त्यावरून वाद झाला. मुलीने मराठीच्या वहीत 'कतारगाम, सुरत' लिहिलं. आईने ते खोडून 'कतारगाव' केलं. "आजी, बसवर गामच लिहिलंय!" "लिहू दे. आज गाव गेलं, उद्या मराठी जाईल." आई चाळीस वर्षं सुरतेत आहे, तिचं हे बोलणं नुसतं वहीपुरतं नव्हतं. निवाडा माझ्याकडे आला, कारण मी इंजिनियर!

आमच्या कामात अ‍ॅपची भाषा बदलली की बटणं आणि सूचना बदलतात, गावांची नावं नाही. बायबलच्या मराठी अनुवादकांनीही बहुतेक हेच केलं. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून, मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं केलं होतं.

हिब्रूत 'बेथ' म्हणजे घर. बेथेल म्हणजे देवाचं घर, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. आता 'भाकरघर' छापलं असतं, तर येशूचं जन्मगाव नकाशावर सापडलंच नसतं! पण नाव तसंच ठेवण्यातही तोटा आहेच. याकोब दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात आकाशाला भिडलेली शिडी बघतो आणि उठल्यावर त्या जागेला बेथेल म्हणतो. अर्थ माहीत नसेल तर हेच नाव का, ते आपल्याला कळणार नाही. शेजारच्या भाषेत तर आणखी गंमत. अरबीत बेथलेहेमला 'बैत लहम' म्हणतात, आणि अरबीत लहम म्हणजे मांस.

मला आवडते ती उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायातली गोष्ट. याकोब आणि त्याचा सासरा लाबान भांडण मिटवतात, दगडांची रास रचतात. ही ओलांडून एकमेकांचं वाईट करायला यायचं नाही, असा करार. सासरा आपल्या अरामी भाषेत तिला यगर-सहदूथा म्हणतो, जावई हिब्रूत गलेद. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीची रास. मराठीतही दोन्ही नावं तशीच आहेत. दोन्हीकडे 'साक्षीची रास' लिहिलं असतं, तर दोघांच्या भाषा वेगळ्या होत्या हेच पुसलं गेलं असतं.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "सासऱ्या-जावयाचं एकमत दगडावरच व्हायचं!"

वहीत आता 'कतारगाम' आहे. भुसावळच्या मावशीला फोनवर आई अजून 'कतारगाव'च सांगते, आणि मुलगी मध्ये बोलत नाही.