दूध सोडूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांस

दूध, दहीं, तूप वर्ज्य करून केवळ वनस्पतिजन्य अन्नावर राहण्याची रीत हल्लीं आपल्याकडेही कांहीं जण धरूं लागले आहेत. गेवराई तालुक्यांतील तलवाड्यास ती नवखी वाटेल. परंतु बाजरीची भाकरी, तुरीचें वरण, शेंगदाण्याची चटणी हें आपलें ताट तिच्या जवळचेंच आहे. म्हणून आरंभ सोपा, निभावणें अवघड. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दूध सोडलें. १९१९ सालीं दुखण्यांत त्यांस शेळीचें दूध घ्यावें लागलें.

ज्यास हा नेम धरणें आहे, त्यानें प्रथम चहांतील दूध सोडावें, मग दहीं-तूप. त्यांच्या जागीं डाळी, तीळ, जवस वाढवावे. ब-१२ जीवनसत्त्व धान्यभाजींतून मिळत नाहीं; त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्याव्या. लेंकरें व गर्भवती यांवर हा नेम लादूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उरला गोठा. गाय नाहीं, तर बैल व शेणखत कोठून येणार? ताटाचा नेम एका दिवसांत घेतां येतो. दावणीचा हिशेब मात्र घरांतील सर्वांनीं बसून करावयाचा असतो. तो आधीं करावा.