तेच औषध, थेंबाथेंबाने



यावेळी एका सभासद भगिनीचा प्रश्न घेते. त्या लिहितात : "आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. दोन वर्षांपूर्वी कार्बोप्लॅटिनचे सहा डोस झाले आणि ती बरी झाली. आता आजार उलटला म्हणून तेच औषध पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याच डोसला तिचे तळहात खाजू लागले, चेहरा लालबुंद झाला, दम लागला, बीपी उतरलं. डॉक्टरांनी वेळीच सावरलं. पण आता ते म्हणतात, हेच औषध वेगळ्या पद्धतीने परत देऊ. घरात कुणाचीच तयारी नाही. विषाची परीक्षा कशाला पाहायची?"

ताई, तुमची भीती रास्त आहे. पण डॉक्टर सांगताहेत तो उपाय नवखा नाही. त्याला 'डिसेन्सिटायझेशन' म्हणतात.

आधी, सात वेळा सोसलेलं औषध आठव्या वेळी का बाधलं? ॲलर्जी पहिल्या भेटीत सहसा होत नाही. शरीर आधी औषधाची ओळख करून घेतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती 'मास्ट' नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच औषध एकदम मोठ्या मात्रेत आलं, की या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं एका दमात बाहेर टाकतात. त्यातूनच खाज, दम आणि बीपी उतरणं. कार्बोप्लॅटिनच्या बाबतीत हे बहुधा सहा-सात डोसांनंतर, त्यातही आजार उलटल्यावर औषध पुन्हा सुरू केलं की दिसतं. तुमच्या आईचं अगदी तसंच झालं आहे.

डिसेन्सिटायझेशनमध्ये औषध अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरू करतात. बॉस्टनच्या डॉ. मारियाना कास्टेल्स यांच्या गटाची पद्धत बरीच वापरली जाते. त्यात सलाईनच्या तीन पिशव्या असतात : पहिलीत औषध शंभरपट पातळ, दुसरीत दहापट, तिसरीत पूर्ण तीव्रतेचं. दर 15 मिनिटांनी वेग वाढवत 12 पायऱ्यांत, साधारण सहा तासांत पूर्ण डोस जातो. मात्रा हळूहळू वाढल्यामुळे मास्ट पेशी एकदम उसळत नाहीत. या गटाने 2008 मध्ये 98 रुग्णांवरच्या अशा 413 वेळांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या 94 टक्के वेळा काहीच त्रास झाला नाही किंवा किरकोळ झाला, आणि कुणीही दगावलं नाही.

पेनिसिलिनसाठीही हीच रीत आहे. गरोदर बाईला सिफिलिस असेल, तर पोटातल्या बाळापर्यंत उपचार पोहोचवायला पेनिसिलिनच लागतं. तिला त्याची ॲलर्जी निघाली, तर डिसेन्सिटायझेशन करून तेच देतात.

मात्र तीन गोष्टी घरातल्या सर्वांनी समजून घ्याव्यात.

पहिली : याने ॲलर्जी बरी होत नाही. औषध अंगात आहे तोवरच शरीर ते सोसतं. केमोच्या दोन डोसांत तीन-चार आठवडे जातात, म्हणून दर वेळी हे सगळं पहिल्या पायरीपासून करावं लागतं. "मागच्या वेळी काही झालं नाही, आता नेहमीसारखं लावा," असं कृपा करून म्हणू नका.

दुसरी : हे घरी किंवा लहान दवाखान्यात करायचं काम नाही. शेजारी नर्स, हाताशी ॲड्रिनॅलिन आणि जवळ आयसीयू हवं. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे ॲड्रिनॅलिनचा गुण कमी पडू शकतो. त्या आपल्या मनाने बंदही करू नका.

तिसरी : प्रत्येक ॲलर्जीला हा उपाय नाही. औषधाने अंगाची साल निघाली असेल, तोंडात आणि डोळ्यांत फोड आले असतील, तर ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचं नाही.

डॉक्टरांना एवढं विचारा : याच्या तोडीचं दुसरं औषध आहे का? तुमच्याकडे हे पूर्वी केलं आहे का? पूर्ण वेळ जवळ कोण असेल? उत्तरं समाधानकारक असतील, तर केवळ भीतीपोटी गुणकारी औषध सोडू नका. अंतिम निर्णय अर्थात आई आणि तिचे डॉक्टर यांचा.

आता बाकीच्या वाचकांसाठी. "मला पेनिसिलिन चालत नाही," असं सांगणारे प्रत्येक घरात एखादे काका-मावशी असतातच. अशांची रीतसर तपासणी केली, तर दहांतल्या नऊ जणांना ते चालतं असं आढळतं. लहानपणीचं पुरळ तापाचंही असू शकतं, आणि खरी ॲलर्जीही वर्षांनुवर्षांत ओसरते. तेव्हा तपासून घ्या, पण रुग्णालयातच. घरी गोळी खाऊन नव्हे.

आणि ज्यांची ॲलर्जी खरी आहे, त्यांनी औषधाचं मूळ नाव, तारीख आणि नेमकं काय झालं ते इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवावं. आपल्या वडोदऱ्यात रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना मराठी येईलच असं नाही.

ताई, आईचा पुढचा डोस कसा झाला ते जरूर कळवा. आम्ही वाट पाहू.