बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लावा!

मुस्लिम शेतकरी बंधूंनो, भगिनींनो,

कुराणाच्या सूरह निसात मुलीचा वारसा ठरलेला आहे. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. कर्ज आणि वसियत भागवून जे उरेल त्यात तिचा हिस्सा आहेच, तो कुणाच्या मर्जीवर नाही. मग वारस नोंदीच्या वेळी बहिणीसमोर हक्कसोडपत्र का सरकवलं जातं? शरियत वाचवायला मोर्चे काढणारे आपण जमिनीचा विषय निघाला की रिवाजाच्या आड लपतो.

हे दुखणं जुनं आहे. 1847 मध्ये मुंबईत खोजा आणि मेमन मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. आमच्या जमातीत मुलींना वाटा द्यायची चाल नाही, असं पुरुष म्हणाले. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी ती चाल ग्राह्य धरली. मुली हरल्या. इंग्रजांच्या कोर्टावर बोट दाखवून आपण सुटत नाही, कारण त्या कोर्टात रिवाज पुढे करणारे आपलेच होते.

1937 च्या शरियत कायद्याने असे रिवाज बाजूला सारले, पण कलम 2 मध्ये शेतजमीन वगळली. तो विषय तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होता. मद्रासने 1949 मध्ये आणि केरळने 1963 मध्ये दुरुस्ती करून ही पळवाट बंद केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही ती दुरुस्ती करावी, ही आमची मागणी आहे. दुकानात, घरात, दागिन्यांत मुलीला हक्क आणि शेताच्या बांधावर मात्र रिवाजाचा अडसर, हे आम्हांला मान्य नाही.

अर्धा वाटा म्हणजे समता नव्हे. संविधानातल्या पूर्ण समतेसाठी आम्ही भांडतच राहू. पण आज तो अर्धाही गिळला जातोय, त्याबद्दल आधी बोला.

बहिणींनो, बाप हयात असताना वारसाहक्क जन्मालाच येत नाही. तेव्हा कुणी हक्कसोडीचा कागद पुढे केला तर सही देऊ नका. बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारस म्हणून नाव द्या, फेरफारात नाव गाळलं तर हरकत नोंदवा. रिवाज आहे असं जो म्हणतो त्यानेच तो कोर्टात सिद्ध करायचा असतो.

भावांनो, वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही धमकी बंद करा. आणि इमामसाहेब, नमाज-रोज्याइतक्याच ठणकावून मुलीच्या हिश्श्यावर येत्या जुम्म्याच्या बयानात बोला, गावातले जमीनदार पहिल्या रांगेत बसलेले असताना.