कागदात न बसलेले स्वातंत्र्यसैनिक



ऑगस्ट महिना आला की शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. मुलं टिळक, गांधी, भगतसिंग यांच्यावरचं भाषण पाठ करतात. ते योग्यच आहे. पण त्याच मुलाला म्हणावं, ‘बाळा, आपल्या भागातल्या एका तरी स्वातंत्र्यसैनिकाचं नाव सांग,’ तर मूल गप्प होतं. खरं सांगायचं तर आईबापही गप्पच होतात. म्हणून आज दोन नावं सांगतो. घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

पहिलं नाव आपल्या जत तालुक्यातलंच. सिंदूर गावचा लक्ष्मण. सगळा मुलूख त्याला सिंदूर लक्ष्मण म्हणूनच ओळखतो. त्या काळी जत हे डफळ्यांचं संस्थान होतं आणि वर इंग्रजांची सत्ता होती. बेरड समाजातला हा माणूस त्या सत्तेविरुद्ध उभा राहिला. त्यानं खजिने लुटले आणि लूट गोरगरिबांत वाटली. १९२२ साली त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगी भागात दगाफटका करून त्याला मारलं गेलं. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर. लोकांनी मात्र ते दप्तर मानलं नाही. कानडी मुलखात त्याच्यावर नाटकं झाली, १९७७ साली कन्नड चित्रपट निघाला. दप्तरानं ज्याला चोर ठरवलं, त्याला लोकांनी वीर म्हटलं.

दुसरं नाव कृष्णाकाठचं. हौसाताई पाटील. १९२६ चा जन्म. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सरकारनं त्यांची जमीन आणि घर जप्त केलं. आई लहानपणीच गेलेली, बाप भूमिगत. पोर आजीच्या आधारानं वाढली.

१९४३ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता. लोक त्याला पत्रीसरकार म्हणत. गावोगाव न्यायदान मंडळं भरत, दारूबंदी होई, फारसा खर्च न करता साधी लग्नं लावली जात. इंग्रजांशी झुंजायला तुफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी याच सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली.

बंदुका कमी पडत होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यात बंदुका होत्या. मग एक सोंग रचलं गेलं. ठाण्यासमोर एक दारुडा नवरा बायकोला मारतोय, बायको जमिनीवर पडून आक्रोश करतेय. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतून चार रायफली आणि काडतुसं पळवली. ती बायको म्हणजे हौसाताई. वय सतरा. तान्हं मूल नातेवाइकांकडे ठेवून ती आली होती. नवरा झालेला माणूस चळवळीतलाच होता, पण पोलिसांना संशय येऊ नये म्हणून मार मात्र खरा होता. पुढं गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात असलेल्या साथीदाराकडे अंबाड्यात चिठ्ठी लपवून ती गेली. येताना रात्री मांडवी नदी पोहून आली. सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मी कारकून माणूस. कागदाची किंमत मला कुणी सांगायला नको. दाखला असेल तर माणूस आहे, दाखला नसेल तर समोर उभा असूनही नाही. स्वातंत्र्यसैनिकांचंही तसंच झालं. १९७२ साली केंद्र सरकारनं त्यांच्यासाठी पेन्शन सुरू केली. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट तीन महिन्यांची ठेवली गेली. भूमिगत असलेल्यानं सरकारी नोंद दाखवायची. नियम म्हणून हे समजतं, पुराव्याशिवाय पैसे वाटता येत नाहीत. पण विचार करा. भूमिगत माणसाचं सगळं कसब सापडायचं नाही यातच होतं. जो सापडला नाही, त्याच्याकडे तुरुंगाचा दाखला कुठून येणार? आणि जिनं मध्यरात्री चूल पेटवून चार अनोळखी माणसांना भाकरी वाढली, ती कुठली पावती दाखवणार? ज्यानं ‘पोलीस आलेत’ एवढा निरोप पोचवण्यासाठी रात्रीत दोन गावं ओलांडली, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात? या माणसांशिवाय सहाशेच्या आसपास गावांत प्रतिसरकार चाललं नसतं.

आपल्या समाजाला हे दुखणं नवीन नाही. पिढ्यान् पिढ्या लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. तो लिहील ते खरं, तो वगळील ते घडलंच नाही. सिंदूर लक्ष्मणाला दरोडेखोर लिहिणारा हातही कुणा कारकुनाचाच असणार. आज आपल्या घराघरात लेखणी आली आहे. मग आपल्या माणसांची नोंद करायला आपण कुणाची वाट बघतोय?

त्या काळची माणसं आता फार थोडी उरली आहेत. पण त्यांच्याकडून ऐकलेली माणसं आपल्या घरात, आळीत, पाहुण्यांत अजून आहेत. तेव्हा एवढं करा. मुलांना दोनशे पानी वही आणून द्या. आजी-आजोबांजवळ बसवा. नाव, गाव, साल, काय केलं आणि हे कुणी सांगितलं, अशा पाच ओळी लिहून घ्या. साल आठवत नसेल तर ‘दुष्काळाच्या आधी’, ‘थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’ असं लिहा. सांगितलं तेवढंच लिहा, पदरचं घालू नका. खोटी भर घातली की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

त्या वहीवर पेन्शन मिळणार नाही. पण पुढच्या ऑगस्टमध्ये तुमचं लेकरू भाषणाला उभं राहील, तेव्हा त्याच्या तोंडी एक नाव असं असेल, जे दुसऱ्या कुणाच्याच भाषणात नसेल.